आधी हप्ता, मग टाइल्स

मी पोस्टाची बचत एजंट. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना हे आमच्या एजन्सीचं सरकारी नाव. ती १९७२ सालापासून चालू आहे आणि फक्त बायकांनाच मिळते. लोकांना एवढं लांब नाव कुठे आठवणार, ते ‘पोस्टवाल्या ताई’ म्हणतात. पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीचे, म्हणजे आरडीचे हप्ते घरोघरी जाऊन गोळा करायचे, कार्डावर नोंद करून सही करायची, यादी बनवायची आणि पोस्टात भरणा करायचा, हे माझं काम. गोळा झालेल्या रकमेवर चार टक्के कमिशन मिळतं. ठाण्यातले टेंभी नाका, चरई, खारकर आळी, उथळसर हा माझा पट्टा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुरुवात केली तेव्हा बऱ्याच घरांत हप्ता पन्नास किंवा शंभर रुपयांचा असायचा. त्यातली काही घरं आजही माझ्याकडे आहेत, आता हप्ता सुनेच्या नावावर असतो.

या कामात माणसाचं खातं दिसतं त्याआधी त्याचं स्वयंपाकघर दिसतं. कोणाच्या घरी मिक्सर बंद पडलाय, कोणाच्या छताला ओल आली आहे, कोणी नवीन फ्रीज घेतला आणि तो हप्त्यावर की रोखीत, हे विचारावं लागत नाही. मी पाणी पीत बसलेली असताना घरातलं माणूस आपणहून सांगतं. आणि ज्या महिन्यात कोणी सांगत नाही, त्या महिन्यात हप्ता अडतो.

आरडीचा नियम असा की पंधरा तारखेपर्यंत उघडलेल्या खात्याचा हप्ता पंधरापर्यंत भरायचा आणि त्यानंतर उघडलेल्याचा महिनाअखेरपर्यंत. उशीर झाला तर शंभराला रुपया दंड. चार हप्ते चुकले की खातं बंद पडायला येतं. त्यामुळे माझ्या महिन्याला दोन शेवट असतात आणि दोन्ही वेळी दारात तेच वाक्य ऐकू येतं, “ताई, ह्या वेळेला नाही हो जमणार.” नवरात्रात तर टेंभी नाक्यावर पाय ठेवायला जागा नसते. आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या उत्सवाला सगळं ठाणं लोटतं, वाहतूक वळवलेली असते आणि घरोघरी पाहुणे असतात. त्या दिवसांत मी सकाळी लवकर निघते, कारण संध्याकाळपर्यंत हप्त्याचे पैसे साडी, फराळ आणि ओटीत गेलेले असतात. त्याबद्दल मला कधी कोणाचा राग आला नाही. घरखर्चाला मागणारे असतात. दूधवाला येतो, शाळेचं पत्र येतं, विजेचं बिल येतं, सोसायटीचा सेक्रेटरी जिन्यात अडवतो, भाचीच्या लग्नाची पत्रिका येते. प्रत्येकाचा तगादा असतो. वीस वर्षांनी येणाऱ्या म्हातारपणाच्या वतीने मात्र दाराची कडी कोणी वाजवत नाही. ते काम मी करते असं मी मानत आले आणि म्हणूनच हे काम मला छोटं वाटलं नाही.

हप्ता अर्धा भरता येत नाही. हे लक्षात घेऊन मी पहिल्यापासून एक गोष्ट सांगते: पाच हजारांचं एक खातं काढू नका, दोन हजारांची दोन आणि हजाराचं एक काढा. अडचणीच्या महिन्यात एक थांबेल, बाकीची चालू राहतील. सगळी एकाच वर्षी काढू नका, दर वर्षी एखादं काढा. म्हणजे पाच वर्षांनी दर वर्षी एखादं पिकायला लागतं. आज ६.७ टक्के व्याजाने महिना हजाराच्या आरडीचे पाच वर्षांनी ७१,३६६ रुपये होतात. रक्कम डोळे दिपवणारी नाही. पण ज्या घरात दर वर्षी अशी एक रक्कम हाती येते, त्या घरात बाथरूमची टाकी गळली म्हणून पीएफ काढावा लागत नाही की सोनं गहाण पडत नाही.

त्यातही मी खाती वेगळी करते. कार्डाच्या पाठीवर पेन्सिलने लिहिते, ‘घर’ किंवा ‘पुढचं’. ‘घर’ लिहिलेलं पिकलं की रंग काढा, खिडक्या बदला, टाइल्स लावा, मी काही बोलणार नाही. ‘पुढचं’ लिहिलेलं पिकलं की ते त्याच आठवड्यात पीपीएफमध्ये किंवा राष्ट्रीय बचत पत्रात गेलं पाहिजे. पिकलेला पैसा चार दिवस घरी राहिला की तो घराचाच होतो, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की याबाबतीत मी हट्टी आहे. पीपीएफच्या कामावर १ डिसेंबर २०११ पासून एजंटला कमिशन मिळत नाही. त्यानंतर बऱ्याच जणींनी पीपीएफचा विषय काढणं सोडलं आणि त्यांची अडचण मला समजते, त्यांनाही घर आहे. मी मात्र सांगत राहिले, कारण आरडी पाच वर्षांत संपते आणि म्हातारपण तेवढ्यात संपत नाही.

लवकर निवृत्त होण्याची इच्छा ठाण्यात नवीन नाही. नव्वदच्या दशकात पीपीएफवर बारा टक्के मिळत होते, किसान विकास पत्र साडेपाच वर्षांत दुप्पट होत होतं. त्या काळात नोकरीला लागलेल्यांचा साधा हिशेब होता की पन्नाशीला थोडी रक्कम जमली की व्याजावर घर चालेल. जानेवारी २००० मध्ये पीपीएफचा दर अकरावर आला आणि २००३ पर्यंत आठवर. त्याच सुमारास सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, चाळिशी ओलांडलेल्या किंवा पंधरा वर्षं नोकरी झालेल्यांसाठी. माझ्या पट्ट्यातल्या दोन-तीन घरांत ती घेतली गेली. ज्यांनी हिशेब बारा टक्क्यांनी केला होता त्यांना पुन्हा काम शोधावं लागलं. एक काका तेवढे निभावले. त्यांचं घर आजही तसंच आहे, शहाबादी फरशी आणि लाकडी कपाटं. त्यांचा महिन्याचा खर्च इतका बेताचा होता की दर घसरले तरी घर हललं नाही. किसान विकास पत्राला आज दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात, म्हणजे साडेनऊ वर्षांच्या वर. हा आकडा मी प्रत्येक चाळिशीतल्या माणसाला सांगते.

स्वेच्छानिवृत्तीची दुसरी लाट मला जास्त जवळून दिसली. २०१९ च्या शेवटी एमटीएनएल आणि बीएसएनएलची योजना आली. ठाण्यात एमटीएनएल, कल्याण-डोंबिवलीत बीएसएनएल, त्यामुळे या पट्ट्यात नात्यागोत्यात कोणी ना कोणी त्यात होतंच. वय पन्नास किंवा त्याहून जास्त हवं. झालेल्या नोकरीच्या प्रत्येक वर्षासाठी ३५ दिवसांचा पगार आणि उरलेल्या प्रत्येक वर्षासाठी २५ दिवसांचा, असा सानुग्रह रकमेचा हिशेब होता. शिवाय पेन्शन. ३१ जानेवारी २०२० ला दोन्ही मिळून नव्वद हजारांहून जास्त माणसं एका दिवसात घरी आली.

चरईतल्या एका वहिनींचे यजमान त्यात होते, बावन्न वर्षांचे. पेन्शन होती, एकरकमी पैसेही मिळणार होते. मुलाचं लग्न ठरवायचं होतं, म्हणून घराचं काम आधी काढलं. दोन खोल्यांमधली भिंत काढायची, सगळी फरशी बदलायची, मॉड्युलर किचन, पीओपीचं छत, दोन्ही खोल्यांत एसी. मार्चच्या सुरुवातीला बाथरूम उखडून ठेवलं आणि टाळेबंदी लागली. मिस्त्री आणि त्याची माणसं गावी निघून गेली. ते घर कितीतरी दिवस शेजाऱ्यांच्या बाथरूमवर चाललं. मीही घरात अडकलेले, हप्ते फोनवर विचारायचे. पोस्टाने त्या महिन्यांचा आरडीचा दंड माफ केला तेवढाच दिलासा.

त्याच १ एप्रिलला व्याजाचे दर खाली आले. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर ८.६ वरून ७.४, मासिक प्राप्ती योजनेचा ७.६ वरून ६.६. ज्येष्ठ नागरिक योजनेत खातं उघडतानाचा दर पाच वर्षं टिकतो. तेव्हा मर्यादा पंधरा लाखांची होती. पंधरा लाखांवर जुन्या दराने तिमाहीला ३२,२५० रुपये मिळाले असते, नव्या दराने २७,७५०. महिन्याला दीड हजारांचा फरक, तोही केवळ पैसे मार्चमध्ये हाती आले की नंतर, यावर. वहिनींच्या यजमानांना तर ती योजनाच लागू नव्हती. स्वेच्छानिवृत्तांना ती पंचावन्नपासून मिळते, इतरांना साठपासून, आणि ते बावन्नचे. पेन्शन सुरू झाली म्हणून माणूस सरकारी हिशेबात ज्येष्ठ होत नाही, हे त्या घराला तेव्हा कळलं.

जूननंतर काम पुन्हा सुरू करायची वेळ आली तेव्हा वहिनींनी मला बोलावलं. “तुम्ही सांगा, काय ठेवू आणि काय सोडू.” मी घराच्या कामातली तज्ज्ञ नाही. पण एवढी घरं पाहिल्यावर एक कसोटी माझ्या डोक्यात पक्की झाली आहे: या कामाने तुमचा पुढचा महिन्याचा खर्च कमी होणार की वाढणार? जुनी वायरिंग बदलली, नळाच्या गंजलेल्या पाइपलाइनी बदलल्या, गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं, न घसरणारी फरशी, धरायला दांडे आणि कमोड बसवला, तर पुढची वीस वर्षं सुटसुटीत जातात. दोन एसी लावले की बिल दर महिन्याला येतं आणि पेन्शनीतून जातं. पीओपीला ओल आली की पुन्हा खर्च. त्यांनी बाथरूम, पाइप आणि वायरिंग पूर्ण केलं. भिंत तशीच राहिली. फरशी फक्त स्वयंपाकघराची. वाचलेल्या पैशांतले नऊ लाख दोघांच्या नावावर मासिक प्राप्तीत गेले, महिना ४,९५० रुपये. मुलाचं लग्न त्याच घरात झालं आणि सुनेने कोणाला पीओपी कुठे आहे असं विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

आता मला जी गोष्ट सगळ्यात मोठ्याने सांगायची आहे, ती पुनर्विकासाची. नौपाड्यात ऑगस्ट २०१५ मध्ये कृष्णा निवास इमारत पडली. त्या पावसाळ्यात जुन्या इमारतीतली माणसं रात्री पावसाचा जोर वाढला की उठून बसायची. त्यानंतर सगळ्यांच्या बोलण्यात स्ट्रक्चरल ऑडिट आलं. तीस वर्षांवरच्या इमारतीला ते करावंच लागतं. महापालिकेच्या यादीत सी-१ लागलं तर घर रिकामं करायचं, सी-२बी असेल तर राहून दुरुस्ती. दुरुस्ती निघाली की प्रत्येक घराला वर्गणी येते आणि तिच्यासाठी पहिला हात जातो तो ‘पुढच्या’ पैशाला. तिथे मी लोकांना खातं मोडू दिलं नाही. बारा हप्ते झालेल्या आरडीवर जमा रकमेच्या निम्मं कर्ज मिळतं, ते घ्या, खातं चालू ठेवा. उथळसरच्या एका इमारतीत तीन घरांनी असंच केलं आणि तिन्ही खाती पूर्ण पिकली.

दुरुस्तीपेक्षा पुनर्विकास सोपा वाटतो, कारण त्यात द्यावं लागत नाही, मिळतं. मोठी जागा, लिफ्ट, पार्किंग, बांधकामाच्या काळातलं भाडं आणि वर कॉर्पस. या कॉर्पसचा उपयोग काय, हे फार थोड्या घरांना ठाऊक असतं. जुन्या तीन मजली इमारतीत मेंटेनन्स सातशे-आठशे रुपये असतो. नवीन इमारतीत लिफ्ट, पंप, जनरेटर, वॉचमन, सफाई हे सगळं आलं की तो चार-पाच हजारांवर जातो. वाढलेला तो भार जुन्या रहिवाशांना पेलावा म्हणून कॉर्पस दिला जातो. तो मुद्दल म्हणून ठेवायचा आणि त्याच्या व्याजातून मेंटेनन्स भरायचा. सहा लाख मासिक प्राप्तीत ठेवले तर आजच्या ७.४ टक्क्यांनी महिना ३,७०० रुपये येतात. मेंटेनन्सचा मोठा वाटा तिथेच निघतो.

प्रत्यक्षात काय होतं? चावी मिळते त्या आठवड्यात इंटिरिअरवाला येतो. रिकाम्या पांढऱ्या भिंती असतात, शेजारच्या फ्लॅटमध्ये काम सुरू झालेलं असतं आणि बँकेत कॉर्पसचे पैसे पडलेले असतात. सहा लाख सहा आठवड्यांत संपतात. मग दर महिन्याचे पाच हजार पेन्शनीतून जाऊ लागतात. मी अशा घरांत गेले आहे जिथे हॉलमध्ये सुंदर टीव्ही युनिट आहे आणि काकू सांगतात, “ताई, आरडी बंद करूया, मेंटेनन्सच झेपत नाही.” त्या काकूंची चूक आहे असं मला वाटत नाही. जन्मभर अंधाऱ्या खोलीत संसार केलेल्या बाईला नव्या घरात मनासारखं स्वयंपाकघर हवं असणार, आणि ते तिला मिळालंच पाहिजे. पण ते ‘घर’ लिहिलेल्या खात्यातून मिळालं पाहिजे. म्हणून ज्या सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी सुरू होतात, तिथे मी त्याच महिन्यात सांगते: इमारत पाडून नवी उभी राहायला काही वर्षं जाणार. आज एक आरडी काढा, चावीच्या वेळी ती पिकलेली असेल किंवा पिकायला आलेली असेल. किचन त्यातून करा. कॉर्पसला हात लावू नका. सोसायटीच्या बैठकीत मी बोलू शकत नाही, मी सभासद नाही. जिन्यात, दारात, हळदीकुंकवाला बोलते.

सिव्हिल हॉस्पिटलमुळे माझ्याकडे नर्स बऱ्याच आहेत. नव्या इमारतीसाठी रुग्णालय तात्पुरतं मनोरुग्णालयाच्या आवारात गेलं, तरी त्यांची घरं इकडेच आहेत. एकाच वॉर्डात काम केलेल्या दोघींचं म्हातारपण दोन तऱ्हांचं होणार आहे. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेलीला जुनी पेन्शन, नंतरच्या बाईला राष्ट्रीय पेन्शन योजना, म्हणजे एनपीएस, ज्यात तिच्या पगारातले १० टक्के आणि सरकारचे १४ टक्के जमा होतात. जुन्या पेन्शनसाठी झालेल्या मार्च २०२३ च्या संपात दुसरी पुढे होती. वीस वर्षांच्या सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, हा नियम दोघींना पाठ आहे. रात्रपाळीने गुडघे आणि झोप दोन्ही गेलेली असते. पहिली ती घेऊ शकते. दुसरीला मी अजून थांब म्हणते आणि ते म्हणताना मला वाईट वाटतं, कारण थकवा दोघींचा सारखाच आहे.

आणि लवकर निवृत्ती नेहमी मागून घेतलेली नसते. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ ची. तिच्यावर ठाण्यातली किती घरं उभी राहिली. कारखाने एकेक करून बंद झाले किंवा लांब गेले, तेव्हा पन्नाशीतली माणसं दुपारी घरी दिसू लागली. एका घरी यजमान एक्कावन्नचे, कारखाना बंद, हाती पीएफ आणि भरपाईची रक्कम. कोणीतरी सांगितलं की कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन पन्नाशीपासून सुरू करता येते. येते, पण अठ्ठावन्नच्या आधीच्या प्रत्येक वर्षाला चार टक्के कपात आणि ती कायमची. मुळात ही पेन्शन फार नसते. पंधरा हजारांच्या वेतनमर्यादेवर पस्तीस वर्षांची सेवा धरली तरी महिना साडेसात हजार. त्यातून कपात म्हणजे किती उरणार? मी त्यांच्या पत्नीला म्हटलं, अठ्ठावन्नपर्यंत हात लावू देऊ नका. त्यांना वायरमनचं काम येत होतं. आमच्याच पट्ट्यातल्या घरांत, ज्यांची वायरिंग बदलायची होती तिथे, मी त्यांचं नाव सांगत गेले. सात वर्षं त्यांनी ते काम केलं आणि पूर्ण पेन्शन घेतली.

कोणी मला विचारतं, पंचावन्नला नोकरी सोडायची तर किती कोटी लागतील? मी आधी दुसरंच विचारते. महिन्याला न चुकता जाणारं किती, मेंटेनन्स, वीज, किराणा, औषधं, मेडिक्लेम, गावच्या घराची डागडुजी धरून? बहुतेकांना पगार तोंडपाठ असतो, हा आकडा नसतो. तो आम्ही दोघं बसून काढतो. मागच्या वर्षी ब्राह्मण सोसायटीतून एक जोडपं कोणाच्या ओळखीने आलं, दोघं आयटीत, वय बेचाळीस. त्यांच्या वहीत म्युच्युअल फंड होते, एनपीएस होती, सगळं नीट. मेंटेनन्स आणि मेडिक्लेम वाढत जाणार हे त्यात धरलं नव्हतं. ते धरल्यावर त्यांचं पंचावन्न अठ्ठावन्नवर गेलं. बाईंनी शांतपणे नव्या किचनचा खर्च निम्मा केला आणि ते परत छप्पन्नवर आणलं. मला त्या बाईंचं फार कौतुक वाटलं.

एजंटला पेन्शन नाही. अटल पेन्शन योजना २०१५ मध्ये आली तेव्हा माझी चाळिशी उलटली होती आणि तिची वयोमर्यादा चाळीस. एनपीएस २००९ मध्ये सगळ्यांना खुली झाली, ती मी घेतली. पीपीएफ त्याआधीपासून आहे. माझ्या ओट्याखालच्या भिंतीला ओल आहे, पाइप बदलावे लागतील. मार्चमध्ये माझं ‘घर’ लिहिलेलं एक कार्ड पिकतंय, काम त्यातून होईल. ‘पुढचं’ लिहिलेलंही त्याच महिन्यात पिकतंय. ते पैसे ५ एप्रिलच्या आत पीपीएफला भरायचे आहेत, कारण पाच तारखेनंतर भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज मिळत नाही. प्लंबरला मी एप्रिलच्या दहा तारखेनंतर बोलावलं आहे.